बॅटलटेकच्या जुन्या कादंबऱ्या आणि सोर्सबुके: एका ओढीची पार्श्वभूमी

बॅटलटेक हा विज्ञानकथेवर आधारलेला, पटावर खेळायचा युद्धखेळ 1984 पासून आजतागायत कोणत्या ना कोणत्या प्रकाशकाकडून छापला जात आहे, आणि त्याच्या मूळ नियमांत इतके थोडे बदल झाले आहेत की चार दशकांपूर्वीच्या लढाऊ यंत्राचा नोंदपट (त्याची शस्त्रे व चिलखत नोंदवणारा कागद) आजच्या डावातही जवळजवळ जसाच्या तसा वापरता येतो. म्हणजे हा खेळ हरवलेला नाही. तरीही त्याच्या जुन्या चाहत्यांत एक ठळक स्मरणरंजन आढळते आणि ते खेळाच्या डावांपेक्षा 1985 ते 2000 या काळातील पुस्तकांभोवती फिरते. झिजलेल्या कण्यांच्या कादंबऱ्या, कृष्णधवल रेखाचित्रांची सोर्सबुके, म्हणजे खेळाच्या विश्वाची माहिती देणारी पुस्तके, आणि त्यांतले घडीचे नकाशे यांना हे स्थान का मिळाले, हे समजण्यासाठी ती पुस्तके कशासाठी निघाली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहावे लागते.

फासा ही प्रकाशन संस्था जॉर्डन वाइसमन आणि एल. रॉस बॅबकॉक यांनी 1980 मध्ये शिकागो येथे सुरू केली. आरंभी तिने इतरांच्या विज्ञानकथात्मक खेळांना पूरक साहित्य छापले. 1984 मध्ये तिने ‘बॅटलड्रॉइड्स’ हा स्वतःचा खेळ बाजारात आणला. ‘ड्रॉइड’ या शब्दावर ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्मने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, त्याचे नाव बॅटलटेक झाले. षटकोनी घरांच्या नकाशावर 20 ते 100 टन वजनाची, आत चालक बसलेली अवाढव्य पायचारी यंत्रे परस्परांवर मारा करतात आणि प्रत्येक यंत्राच्या नोंदपटावरील चिलखताच्या चौकटी एकेक करून खोडल्या जातात, असे त्याचे स्वरूप होते आणि आहे. नकाशावरील एक घर म्हणजे 30 मीटर आणि एक फेरी म्हणजे 10 सेकंद.

हे शेवटचे प्रमाण महत्त्वाचे आहे. दोन-तीन तास चाललेल्या डावात त्या जगातली जेमतेम काही मिनिटे सरतात. ही लढाई कोणत्या ग्रहावर, कोणत्या घराण्यासाठी आणि कोणत्या जुन्या वैरापायी चालली आहे, याविषयी नियमपुस्तिका फारसे बोलत नाही. खेळाने सेकंद मोजले आणि शतके पुस्तकांवर सोपवली. ही विभागणी आरंभीपासून असल्यामुळे पुस्तके ही खेळाची पुरवणी राहिली नाहीत. त्या विश्वाचे खरे वास्तव्य त्यांच्यातच होते.

ते विश्व एकतिसाव्या शतकातले आहे. मानवजात हजारो ग्रहांवर पसरली आहे. तिला एकत्र बांधणारी स्टार लीग कोसळली आहे, सेनापती अलेक्झांडर केरेन्स्की 2784 मध्ये आपले बहुतांश सैन्य घेऊन अज्ञात अवकाशात निघून गेला आहे, आणि मागे उरलेली डेव्हिअन, स्टायनर, कुरिता, मॅरिक व लियाओ ही पाच घराणी वारसायुद्धांत एकमेकांना खचवत आहेत. कारखाने उद्ध्वस्त झाल्याने ज्ञान लुप्त झाले आहे. युद्धयंत्रे पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येतात आणि त्यांचे सुटे भाग मृतांच्या यंत्रांतून काढले जातात. येथे परग्रहवासी नाहीत. ताऱ्याताऱ्यांमधील संदेशवहन ज्या कॉमस्टारच्या हाती आहे, ती मुळात दळणवळण खात्यातून निघालेली आणि पुढे धर्मपंथ बनलेली संघटना आहे. आपल्याच यंत्रांपुढे मंत्र म्हणणारे दूरध्वनी खाते ही या विश्वातली सर्वांत तल्लख विनोदी कल्पना आहे, आणि जुन्या पुस्तकांनी ती अत्यंत गंभीर चेहऱ्याने मांडली.

1986 च्या ‘टेक्निकल रीडआउट: 3025’ या पुस्तकाने पुढच्या सोर्सबुकांचा साचा घालून दिला. वरवर पाहता ती यंत्रांची सूची होती. प्रत्येक नोंदीत चित्र, वजन, वेग, शस्त्रे आणि चिलखत यांचे आकडे असत. परंतु त्यांच्या जोडीला त्या यंत्राच्या घडणीतील दोष, त्याने गाजवलेल्या लढाया आणि ते चालवणाऱ्या नामांकित योद्ध्यांचे चार-सहा ओळींचे परिचयही असत. या परिचयांचा खेळाच्या नियमांशी काहीही संबंध नव्हता. एखादा योद्धा कर्जात बुडालेला आहे, एखादीने आपल्या वरिष्ठाला आव्हान दिले आहे, एवढे सांगून नोंद संपे आणि पुढे काय झाले ते कोठेच सापडत नसे. माझ्या मते या अर्धवट सोडलेल्या ओळींनीच वाचकाला त्या विश्वात गुंतवले, कारण उरलेली गोष्ट त्याला स्वतः रचावी लागे.

1987 आणि 1988 मध्ये पाचही घराण्यांवर एकेक जाडजूड पुस्तक निघाले. वंशावळी, राज्यकारभार, सैन्याची रचना, धर्म, व्यापार, शिक्षण, सणवार, एवढा ऐवज त्यांत होता आणि लेखन असे होते की जणू ते त्या काळातील अभ्यासकांनीच केले आहे. एका घराण्याच्या इतिहासात जो मुक्तिसंग्राम ठरे, तो शेजारच्या घराण्याच्या पुस्तकात उघड लूटमार म्हणून येई. चौथ्या वारसायुद्धाचा दोन खंडांतला लष्करी नकाशासंग्रह तर न्यू अ‍ॅव्हलॉन येथील विज्ञानसंस्थेचा ग्रंथ म्हणून सादर करण्यात आला होता. ती संस्था डेव्हिअन घराण्याची, म्हणजे त्या युद्धातील जेत्यांची. त्यामुळे तो वाचताना पराभूतांची बाजू कुठे गाळली आहे, हे ताडणे हा वाचनाचाच भाग झाला. प्रकाशकाच्या चुकीने राहिलेली विसंगती आणि कथनकर्त्याने मुद्दाम मारलेली थाप यांतला फरक ओळखता येत नसे, आणि चाहत्यांना त्याची खंतही नसे.

या पद्धतीचे सर्वांत मोठे यश वुल्फ्स ड्रॅगून्स या भाडोत्री सैन्याच्या बाबतीत दिसले. कथेनुसार हे सैन्य 3005 मध्ये अचानक प्रकट झाले. त्याच्याकडे इतरांना दुर्मीळ झालेली यंत्रे विपुल होती आणि ते कोठून आले हे कोणालाच ठाऊक नव्हते. 1985 मध्येच त्याच्या ब्लॅक विडो तुकडीवर एक पुस्तिका निघाली होती आणि तुकडीच्या नायिकेचे नाव होते नताशा केरेन्स्की. अज्ञातात निघून गेलेल्या सेनापतीचे आडनाव असे समोर ठेवूनही त्याचा उलगडा 1990 च्या सुमारास झाला. केरेन्स्कीच्या सैन्याचे वंशज ‘क्लॅन’ म्हणून परत आले आणि ड्रॅगून्स ही त्यांनीच पाठवलेली टेहळणी तुकडी होती, हे तेव्हा कळले. मधली वर्षे वाचक तर्क लढवत राहिले. आज कोणताही नवा वाचक हे उत्तर अर्ध्या मिनिटात शोधून काढतो.

कादंबऱ्यांची सुरुवातही 1986 मध्येच झाली. विल्यम कीथ यांची ‘डिसिजन अ‍ॅट थंडर रिफ्ट’ ही पहिली कादंबरी, तिचा नायक ग्रेसन कार्लाइल. त्याच्या तीन कादंबऱ्यांच्या अखेरीस स्टार लीगच्या ज्ञानाचा एक साठा हाती लागतो, आणि लुप्त तंत्रज्ञानाचे जे पुनरागमन पुढच्या सोर्सबुकांत शस्त्रांच्या नव्या कोष्टकांच्या रूपाने आले, त्याचे कथेतील कारण हेच होते. मायकल स्टॅकपोल यांच्या ‘वॉरियर’ कादंबरीत्रयीत हान्स डेव्हिअन आपल्याच विवाहसमारंभात लियाओ घराण्याच्या राज्यावर आक्रमण केल्याचे जाहीर करतो आणि त्या चौथ्या वारसायुद्धाने नकाशावरील सीमा कायमच्या बदलतात. पुढील त्रयीत त्यांनी क्लॅनचे आक्रमण रंगवले. त्याच सुमारास, 1990 मध्ये, नव्या यंत्रांचे ‘टेक्निकल रीडआउट: 3050’ प्रसिद्ध झाले. कादंबरीत घडलेली घटना नकाशावर, नियमांत आणि सोर्सबुकांत एकाच वेळी उमटावी, अशी ही व्यवस्था होती. ती नेहमी नेटकी चालली असे नाही, पण चालली तेव्हा वाचकाला इतिहास आपल्यासमोर घडत असल्याचा प्रत्यय येई.

1991 पासून पेंग्विन समूहातील रॉक या छापाने या कादंबऱ्या काढायला घेतल्या आणि 2002 पर्यंत त्यांची संख्या पन्नासपलीकडे गेली. रॉबर्ट थर्स्टन यांनी शत्रू म्हणून आलेल्या क्लॅनची बाजू आतून सांगितली, तर इतर लेखकांनी भाडोत्री तुकड्या आणि छोटी राज्ये वाटून घेतली. पुस्तके खेळांच्या दुकानांबाहेर पडून सर्वसाधारण पुस्तकविक्रीत आल्यामुळे कधीही फासे न टाकलेला एक वाचकवर्ग तयार झाला. 1995 च्या ‘मेकवॉरियर 2’ या संगणक खेळाने त्यात भर घातली. वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर या कादंबऱ्यांचा दर्जा असमान आहे. संवाद पुष्कळदा ताठर आहेत, खलपुरुष ठोकळेबाज आहेत आणि कुरिता व लियाओ घराण्यांच्या चित्रणात पूर्व आशियाविषयीच्या त्या काळातील पाश्चात्त्य ठोकळ कल्पना स्पष्ट दिसतात.

ओढ वाढण्याचे दुसरे कारण न्यायालयीन आहे. वॉरहॅमर, मरॉडर, आर्चर यांसारख्या सुरुवातीच्या कित्येक प्रसिद्ध यंत्रांची चित्रे मूळची जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांतली होती. त्यांतील मॅक्रॉस मालिकेवर हक्क सांगणाऱ्या हार्मनी गोल्डशी झालेला दावा 1996 मध्ये मिटला. त्यानंतर फासाने बाहेरून घेतलेली सारी चित्रे वापरणे थांबवले. यंत्रांची नावे आणि आकडे उरले, चेहरे गेले. चाहते त्यांना ‘अनसीन’ म्हणू लागले आणि 1986 चे रीडआउट हा केवळ संदर्भग्रंथ न राहता संग्रहाची वस्तू बनला.

त्यानंतरचा धक्का मोठा होता. 2001 मध्ये फासाने कामकाज बंद केले आणि हक्क वाइसमन यांच्याच विझकिड्स या नव्या कंपनीकडे गेले. 2002 मध्ये आलेल्या ‘मेकवॉरियर: डार्क एज’ या खेळाने कथा 3067 वरून थेट 3132 वर नेली. ज्या पात्रांबरोबर वाचक पंधरा वर्षे चालत आला होता, ती एका उडीत मृत किंवा इतिहासजमा झाली आणि मधल्या 65 वर्षांत काय घडले, हे सांगणारी पुस्तके यायला आणखी बराच काळ गेला. माझ्या समजुतीप्रमाणे आजचे स्मरणरंजन या खंडाने घडवले. मालिका अखंड चालू राहिली असती, तर 3025 हे साल तिचा केवळ एक आरंभबिंदू उरला असता.

मूळ खेळ आधी फॅनप्रोने आणि 2007 पासून कॅटॅलिस्ट गेम लॅब्सने सांभाळला. घराण्यांवर नवी हँडबुके निघाली, सुटलेल्या दशकांची पुस्तके आली, जुन्या कादंबऱ्या ई-पुस्तकांच्या रूपात परतल्या आणि ‘अनसीन’ यंत्रांना नव्याने रेखाटलेले, मूळची आठवण करून देणारे चेहरे मिळाले. हार्मनी गोल्डने पुन्हा लावलेला दावा 2018 मध्ये निकालात निघाल्यावर त्या रेखाटनांवरचे सावटही दूर झाले. क्लॅन आक्रमणावर आधारित संचासाठी 2019 मध्ये चाहत्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 25 लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली, आणि 2023 च्या भाडोत्री सैन्यांवरील संचाने 70 लाखांचा टप्पा ओलांडला. दोन्ही विषय जुन्या पुस्तकांतले आहेत, हे लक्षात घेतले तर त्या पुस्तकांचा पगडा किती टिकून आहे हे दिसते. मात्र नव्या सोर्सबुकांपुढील अडचण वेगळी आहे: चाळीस वर्षांच्या साहित्याशी मेळ राखत लिहायचे असल्याने त्यांना रिकामी जागा सोडणे जुन्या पुस्तकांइतके सोपे राहिलेले नाही.