मारिओ इतका जोरात का पळतोय? कोकणातल्या घरी रेट्रो गेम बसवताना येणारे लोचे

गणपतीला घर भरलेलं असतं, कोणीतरी मुंबईहून रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर घेऊन येतो, टीव्हीला लावतो, लहानपणीच्या सगळ्या कॅसेटी एका कार्डात, आणि मग चाळिशीतला एखादा दादा रिमोट हातात घेऊन दोन मिनिटांत विचारतो, "अरे, ह्यो इतको जोरात कित्याक धावता?" पोरं हसतात, म्हणतात वय झालं तुमचं. पण दादाचं बरोबर असतं. त्याच्या आठवणीतला मारिओ खरंच हळू होता, आणि किती हळू तेपण सांगता येतं, साधारण सतरा टक्के.

आपल्याकडे निन्टेन्डोचं अस्सल मशीन फारच थोड्या घरांत होतं. बाकी सगळीकडे तैवान-चायनाची कॉपी, लाखो गेम एकात अशी थाप मारणारी कॅसेट आणि दोन रिमोट. निन्टेन्डोचं मूळ मशीन म्हणजे फॅमिकॉम, ते १९८३ साली जपानात आलं, तिथला टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवणारा. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० वेळा रंगवणारा (१९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं ते पालवरच). त्यामुळे कॉपी करणाऱ्यांनी पाल देशांसाठी वेगळ्या चिपा बनवल्या, ५० वर चालणाऱ्या. आता त्या काळच्या गेममध्ये वेळ मोजायला वेगळं घड्याळ नसायचं, पडदा एकदा रंगवून झाला की गेम एक पाऊल पुढे, बस. पडदा सेकंदाला ५० वेळा रंगला तर पावलंही ५०च, म्हणजे मारिओ हळू, कॉन्ट्राच्या गोळ्या हळू, सगळंच हळू. पायवरचा इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) मात्र रॉम, म्हणजे गेमची फाइल, बघतो, म्हणतो जपान-अमेरिकेचा आहे आणि इमानेइतबारे ६० ने चालवतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर सुपर मारिओ लावा, मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या. वरच्या कोपऱ्यातला टाईम ४०० पासून उतरत जातो ना, त्यातला एक आकडा साधारण २४ फ्रेमनी (पडदा एकदा रंगला की एक फ्रेम) कमी होतो. ४०० वरनं ३०० वर यायला ६० च्या हिशोबात ४० सेकंद लागतात आणि ५० च्या हिशोबात ४८. दादाचा आणि पोरांचा वाद तिथेच मिटतो.

गंमत गाण्याची आहे. वेग सतरा टक्के कमी म्हटल्यावर आवाजही कॅसेट प्लेयरचे सेल संपल्यासारखा जाड यायला हवा होता, तसा तो आमच्या मशीनवर कधीच येत नव्हता. कारण आवाज बनतो प्रोसेसरच्या घड्याळावर, आणि ते घड्याळ कॉपीवाल्यांनी जवळपास तेवढंच ठेवलं होतं. मूळ १.७९ मेगाहर्ट्झ, कॉपीचं १.७७, म्हणजे एक टक्क्याचासुद्धा फरक नाही. पुढचा स्वर कधी वाजवायचा हे मात्र फ्रेम मोजून ठरतं. म्हणून सूर तोच राहिला, लय तेवढी उतरली, जसं डबलबारीत पेटीची पट्टी तीच ठेवून पखवाजवाल्याने ठेका संथ करावा. निन्टेन्डोने स्वतः युरोपसाठी जे पाल मशीन काढलं त्यात प्रोसेसर आणखी हळू, १.६६ मेगाहर्ट्झ, आणि त्याच्या एका ठोक्यामागे चित्र काढणाऱ्या चिपचे ठोके ३ वरनं ३.२ वर गेले, त्यामुळे जपानी गेम तिथे कधीकधी गडबडायचे. कॉपीवाल्यांनी ते ३ चं प्रमाण जपलं. जपानी कॅसेट आपल्याकडे बिनबोभाट चालायच्या त्यामागे हे डोकं होतं, आणि मला तरी वाटतं की ह्या कॉपी मशीनना फक्त स्वस्त माल म्हणून हिणवणं बरोबर नाही.

उपाय सोपा आहे. रशियात अशाच कॉपीचं नाव डेंडी होतं आणि तिथे ती इतकी चालली की इम्युलेटरवाल्यांनी त्या नावाचा पर्यायच ठेवलाय. इम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्च प्रोग्रॅममध्ये एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया कोअरच्या (कोअर म्हणजे एका मशीनची नक्कल करणारा भाग) ऑप्शनमध्ये जा, रीजन ऑटो असेल त्याचं डेंडी करा. पाल नको, डेंडी. एवढं करून थांबलात तर मात्र नवीन त्रास सुरू होतो, कारण टीव्ही अजून ६० वर आहे आणि गेम ५० वर, मग दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दिसते आणि जमीन सरकताना बारीक गचके बसतात. म्हणून टीव्हीलाही ५० वर आणायचा. जुन्या सेटअपमध्ये कॉन्फिग फाइलीत एचडीएमआय ग्रुप १ आणि मोड १९ लिहिलं की ७२० पी ५० हर्ट्झ मिळतं, नव्यात तेच कमांडलाईन फाइलीत रिझोल्युशनच्या पुढे ५० लिहून होतं. आपल्याकडे विकले जाणारे टीव्ही ५० घेतात, तिथे अडायला नको.

आता ह्यावरनं लक्षात येईल की इम्युलेटरचं खरं काम वेळ सांभाळायचं आहे. ६० च्या गेममध्ये प्रत्येक फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या जरा वर वेळ मिळतो, तेवढ्यात जुना प्रोसेसर, जुनी चित्राची चिप, आवाजाची चिप ह्या सगळ्यांची नक्कल करून टीव्हीकडे चित्र पोचवायचं. फॅमिकॉमसाठी पायला हे किरकोळ आहे. सुपर निन्टेन्डोला जरा घाम फुटतो, पहिलं प्लेस्टेशन पाय ३ वर ठीक चालतं, निन्टेन्डो ६४ ला गेमनुसार लागेल तसं, आणि प्लेस्टेशन २ ची आशा पाय ४ वर करू नका, यूट्यूबवर कोणी काहीही दाखवो. वेळ चुकली की पहिल्यांदा आवाज बोंबलतो, चित्र नंतर. डोळा एखादी हुकलेली फ्रेम माफ करतो, पण आवाजाचा साठा संपला की स्पीकरला वाजवायला काहीच नसतं आणि तिथे जो खळ्ळ येतो तो कानाला लगेच कळतो. तसं पाहिलं तर सगळं नीट असतानाही फॅमिकॉम ६०.०९८८ वर चालतो आणि टीव्ही ६० वर, एवढासा फरकसुद्धा साचत जाऊन आवाज फोडू शकतो, म्हणून रेट्रोआर्च आवाजाचा वेग गुपचूप अर्ध्या टक्क्यापर्यंत मागेपुढे करत राहतो, आपल्याला कळतही नाही. तेव्हा आवाज तरीही खरखरत असेल तर सेटिंग उलटसुलट करण्याआधी बघा की पायचाच वेग कुणीतरी कमी केलाय का.

बहुतेक वेळा केबलने केलेला असतो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसते ती शोभेची नाही. पायला मिळणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ती येते आणि पाय स्वतःला सांभाळायला घड्याळ उतरवतो, पाय ३ असेल तर १२०० मेगाहर्ट्झवरनं ६०० वर. गावात लोक लगेच म्हणतात व्होल्टेज डाऊन आहे, स्टॅबिलायझर लावा. अहो, अॅडॉप्टरवर वाचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, बल्ब मंद झाला तरी त्याला बिचाऱ्याला काही फरक पडत नाही, तो पलीकडून ५ च देतो. व्होल्टेज हरवतं ते त्याच्यापुढच्या वायरीत. स्वस्त केबलमधली तार २८ गेजची असते, तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम, जाऊन-येऊन दोन मीटर म्हणजे ०.४३. एक अँपिअर ओढला तर ०.४३ व्होल्ट वायरीतच गेले. ५ मधून वजा करा, ४.५७ उरतात, वीज दिसणारच. पायच्या अधिकृत अॅडॉप्टरवर ५.१ लिहिलेलं असतं तो वरचा ०.१ ह्याचसाठी. आणि ६५ वॉटचा फोन चार्जर आहे आमच्याकडे, असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की ते ६५ वॉट २० व्होल्टवर असतात, ५ व्होल्टवर तो बहुधा ३ अँपिअरच देतो. पाय ४ ला तेवढं पुरतं. पाय ५ ला ५ अँपिअर हवे असतात, नाही मिळाले तर तो यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो, मग दोन वायरवाले रिमोट आणि एक हार्डडिस्क लावली की कोणतरी एक मधेच मरतो. आखूड, जाड केबल घ्या, विषय संपला. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड ही कमांड मारा, उत्तरात शून्य आलं तर बरं, ५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडून वेग उतरलेला आहे, ५०००५ आलं तर आत्तासुद्धा तेच चाललंय.

उष्णतेचं थोडं. चिप ८० अंशांवर गेली की पाय हळू व्हायला लागतो. पायचा जन्म केंब्रिजचा, तिथे खोली २० अंशांची असते, मे महिन्यात आपली ओटी ३३ ची. हे वरचे १३ अंश जवळजवळ जसेच्या तसे चिपवर चढतात, त्यामुळे इंग्रजी व्हिडिओत बिनपंख्याचा डबा मस्त चालतो आणि आपल्याकडे वीस मिनिटांत आवाज तुटतो. छोटा पंखा लावा. टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून ठेवू नका.

खारा वारा हा खास आपला विषय. समुद्रालगतच्या घरात मिठाचे बारीक कण सगळ्यावर बसतात, सुके असताना ते काही करत नाहीत. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि विरघळतं (डब्यातलं मीठ पावसाळ्यात का पाझरतं ते हेच), आणि खारं पाणी वीज वाहून नेतं, धातूही खातं. मालवण-वेंगुर्ल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता क्वचितच त्याच्या खाली येते. एचडीएमआय आणि यूएसबीच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो खरा, पण स्वस्त मालात तो इतका पातळ की त्यात बारीक भोकं राहतात आणि त्यातून खालच्या तांब्याला हिरवट थर येतो. मग चित्र मधेच जातं, रिमोटचं एकच बटण रुसतं, आणि पॉवरच्या पिनेवर आलं तर रोध वाढून परत ती पिवळी वीज. लोक इकडे सॉफ्टवेअर तीनदा टाकून बघतात. आधी सगळं बंद करून प्लग काढा-घाला करा, सुधारलं तर दोष तिथेच आहे, मग मोबाईल रिपेअरवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावा, सुकू द्या. फुंकर नको. लहानपणी कॅसेटीत आपण जी फुंकर मारायचो तिने काहीच होत नव्हतं, कॅसेट काढून पुन्हा घातल्याने पिना घासल्या जायच्या म्हणून ती चालायची, उलट तोंडाची वाफ पिनांना गंजवायची. वापर नसेल तेव्हा पाय झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. आणि खरं सांगायचं तर रोज चालू असलेला पाय जास्त टिकतो, कारण तो गरम राहतो आणि गरम वस्तूवर ओल धरत नाही.

लाईट जाते त्याचं काय? कार्डावर काही लिहिणं चालू असताना लाईट गेली तर कार्डाच्या आतला हिशोब बिघडू शकतो आणि पुढच्या वेळी पाय उठतच नाही. रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की कार्डावर काही लिहिलं जात नाही, सगळं मेमरीत राहतं, पण मग गेमचं सेव्हही बंद केल्यावर उडतं, म्हणून रॉम आणि सेव्ह वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवायचे. दुसरी मेख अशी की झेल्डासारख्या गेममध्ये तुम्ही आत सेव्ह केलं तरी रेट्रोआर्च ते कार्डावर उतरवतो गेममधून बाहेर पडताना. मधेच लाईट गेली की तासाभराची मेहनत पाण्यात आणि पोर रडतं. सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये एसरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल असतं, ते बरेचदा बंद असतं, १० सेकंद करा. पॉवर बँकेवर चालवायचा विचार असेल तर आधी तपासा, बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग सुरू होताना किंवा थांबताना आउटपुट क्षणभर तोडतात, तेवढा क्षण पायला पुरतो.

राहता राहिली डक हंट गेममधली बदकं. सगळं जमलं की कोणीतरी माळ्यावरची जुनी गेमची बंदूक काढतो. ती चालणार नाही. पायला तिची पिन बसत नाही हे झालंच, पण बसवली तरी नाही. डक हंटमध्ये चाप ओढला की एक फ्रेम पडदा काळा होतो आणि पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या तोंडातला प्रकाशाचा डोळा त्या नेमक्या वेळेला उजेड दिसला का एवढंच बघतो. जुन्या डब्बा टीव्हीत सिग्नल आला की किरण लगेच तिथे पोचायचा. एलसीडी चित्र आधी आत घेतो, सजवतो, मग दाखवतो, तोपर्यंत गेमने नेम चुकला म्हणून टाकलेलं असतं. टीव्हीचा गेम मोड लावून हा उशीर कमी होतो, रिमोटने खेळताना तो जरूर लावा, बंदुकीला मात्र तेवढ्याने पुरत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या पोर्टला झॅपर (म्हणजे तीच बंदूक) निवडा, कोअरच्या ऑप्शनमध्ये झॅपर मोड माऊस करा आणि माऊसने मारा. फार सोपं होतं मग, नेम चुकला की हसणाऱ्या गेममधल्या कुत्र्याला संधीच मिळत नाही, पण बदकं पडतात.