पेरोव्हस्काइट सौर घट आणि टिकाऊपणाचा प्रश्न : पार्श्वभूमी

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास परभणी किंवा बीडकडच्या एखाद्या आखाड्यावर सौरपंपाच्या प्लेटेला हात लावला, तर तो क्षणभरही ठेववत नाही. हवा ४२ अंशांवर असते तेव्हा प्लेट सत्तरीच्या आसपास तापलेली असते. रात्रीच्या विजेवर दारे धरण्याचा जाच चुकावा म्हणून बसवून घेतलेल्या या प्लेटांकडून शेतकऱ्याची अपेक्षा एवढीच, की मोटार दिवसा चालावी आणि वर्षानुवर्षे चालावी.

सिलिकॉनने ती बव्हंशी पुरी केली आहे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या सिलिकॉन घटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पुढे ती वाढत गेलीच, शिवाय काच, चौकट आणि सीलबंदी सुधारत जाऊन २५ वर्षांची हमी हा बाजाराचा रिवाज होऊन बसला. नव्या पिढीच्या घटांची गाठ याच रिवाजाशी आहे.

त्यांत सर्वाधिक चर्चा पेरोव्हस्काइटची. हे नाव १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या खनिजाचे. घटात वापरतात ते द्रव्य मात्र शिसे, आयोडीन आणि सेंद्रिय घटक यांपासून बनवलेले, केवळ स्फटिकरचनेने त्या खनिजासारखे. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका आणि सहकाऱ्यांनी त्यापासून ३.८ टक्के कार्यक्षमतेचा घट केला, पण आतल्या द्रवातच ते द्रव्य विरघळत असल्याने घट काही मिनिटांत निकामी होई. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन थर आला आणि कार्यक्षमता १० टक्क्यांच्या घरात गेली. आज ती प्रयोगशाळेत २६ टक्क्यांच्या पुढे आहे. बातम्या झाल्या त्या या आकड्यांच्या. घट किती तास टिकला, हे बहुधा शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात सापडे.

बिघाड डोळ्यांना दिसतो: ओल किंवा उष्णता लागली, की काळा थर पिवळा पडू लागतो, कारण सेंद्रिय भाग निघून जाऊन शिशाचे आयोडाइड मागे उरते. ओलीवर दोन काचांमध्ये घट बसवून कडा ब्युटाइल रबराने बंद करण्याचा उपाय निघाला, परंतु उष्णता काचेने अडत नाही. सुरुवातीला वापरल्या गेलेल्या, मिथिलअमोनियम हा सेंद्रिय घटक असलेल्या द्रव्याची स्फटिकरचना सुमारे ५५ अंशांवर बदलते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्लेट हा उंबरठा सकाळी चढताना आणि संध्याकाळी उतरताना, असा रोज ओलांडेल. त्याजागी आलेले फॉर्मअमिडिनियम उष्णता अधिक सोसते, पण साध्या तापमानाला त्याचे काळे रूप हळूहळू निरुपयोगी पिवळ्या रूपात बदलते. २०१६ च्या सुमारास त्यात सिझियम हा धातू थोडा मिसळून काळे रूप स्थिर ठेवण्याची रीत रुळली. याखेरीज उजेडात स्फटिकातले आयन, म्हणजे विद्युतभारित कणच, जागा सोडून सरकतात, आणि ही खोड अजून पूर्णपणे गेलेली नाही.

परीक्षेचाही प्रश्न होताच. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास, म्हणजे जेमतेम ४२ दिवस, ही प्रचलित कसोटी सिलिकॉनच्या अनुभवावर बेतलेली असून ती अंधारात घेतली जाते. पेरोव्हस्काइट तर ऊन आणि उष्णता एकत्र आल्यावर अधिक ढासळते. म्हणून २०२० मध्ये संशोधकांनी एकमताने चाचण्यांची जी पद्धत मांडली, तिच्यात तापमानासोबत प्रकाश आणि दिवसरात्रीचे फेरे यांनाही जागा मिळाली. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिलेल्या जोडघटांच्या प्लेटा २०२४ मध्ये ग्राहकाकडे रवाना झाल्या खऱ्या, पण उघड्या माळावरची त्यांची नोंद अद्याप मोजक्या उन्हाळ्यांचीच आहे.