घोडामैदानातलं शंभर टक्क्यांचं गणित

3 मे 1769. लंडनच्या दक्षिणेला एप्समच्या माळावर एक्लिप्स नावाचा पाच वर्षांचा घोडा पहिल्यांदा शर्यतीत उतरला. चार-चार मैलांच्या फेऱ्या होत्या. पहिली फेरी त्याने सहज जिंकली. दुसरीच्या आधी डेनिस ओ'केली या आयरिश जुगाऱ्याने पैज लावली, की या फेरीत घोडे कोणत्या क्रमाने येतील ते मी आताच सांगतो. त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे : एक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत. त्या काळी विजेत्याच्या 240 यार्डांहून जास्त मागे राहिलेल्या घोड्याला क्रमांकच मिळत नसे. ओ'केली पैज जिंकला. एक्लिप्स एकूण 18 शर्यती धावला आणि एकही हरला नाही. त्याचा सांगाडा आजही ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात जपलेला आहे.

शर्यतीआधी विजेता सांगणं म्हटलं की लोकांना असंच भाकीत अपेक्षित असतं. एक नाव घ्यायचं आणि छातीठोकपणे सांगायचं. पण आजच्या ब्रिटिश फ्लॅट रेसिंगमध्ये, म्हणजे अडथळे नसलेल्या सपाट शर्यतींमध्ये, चांगला जाणकार एका नावावर थांबत नाही. दहा घोडे धावणार असतील तर शंभर टक्के शक्यता तो त्या दहांमध्ये वाटतो. कुणाला 28, कुणाला 15, कुणाला जेमतेम 2. ही वाटणी कशाच्या आधारे करायची, यातच या विषयातलं सगळं विज्ञान आहे. मला ते फार आवडतं, कारण त्यात शरीरशास्त्र, आनुवंशिकी, माती आणि संख्याशास्त्र एकाच दोन-अडीच मिनिटांच्या घटनेसाठी एकत्र येतात.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. ब्रिटनमधल्या बहुतेक महत्त्वाच्या शर्यती गवतावर होतात आणि तिथला पाऊस बेभरवशाचा. म्हणून प्रत्येक मैदानाची अवस्था शर्यतीआधी जाहीर होते. फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी अशी, म्हणजे टणक जमिनीपासून चिखलापर्यंत, ती उतरंड आहे. मऊ जमिनीत खूर रुततो, तो बाहेर काढायला प्रत्येक टापेला जास्त ताकद लागते, आणि निव्वळ वेगापेक्षा दम महत्त्वाचा ठरतो. याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण फ्रँकेल या घोड्याचं आहे. ऑगस्ट 2012 मध्ये यॉर्कच्या चांगल्या कोरड्या मैदानावर त्याने सात लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर) शर्यत जिंकली. दोनच महिन्यांनी अस्कॉटला चॅम्पियन स्टेक्समध्ये जमीन ओली होती आणि समोर सिरस देझेग्ल हा चिखलात खुलणारा फ्रेंच घोडा होता. फ्रँकेल जिंकला, पण अंतर पावणेदोन लांबींचं. 14 पैकी 14 शर्यती जिंकलेल्या घोड्याचं वर्चस्वही जमिनीने एवढं कमी केलं, तर सामान्य घोड्याचा मागचा निकाल वाचताना ती कोणत्या जमिनीवरची धाव होती हे पाहिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

मैदानाचा आकारही तितकाच बोलतो. चेस्टरला सोळाव्या शतकापासून शर्यती होतात. तिथला गोल मैलाहून जेमतेम मोठा, जवळजवळ सतत डावीकडे वळणारा. पाच-सहा फर्लांगांच्या छोट्या शर्यतीत (एक फर्लांग म्हणजे सुमारे 201 मीटर) बाहेरच्या गेटमधून सुटलेल्या घोड्याला प्रत्येक वळणावर जास्त अंतर कापावं लागतं. त्यामुळे तिथे आतलं गेट मिळणं हीच मोठी कमाई. हे अनेक वर्षांच्या निकालांत स्पष्ट दिसतं आणि सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच आतल्या गेटच्या घोड्यांचे भाव, म्हणजे पैज जिंकल्यास मिळणारी रक्कम, आधीच उतरलेले असतात. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे ती खरी असूनही तुम्हाला फारशी उपयोगी पडत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

एप्समची डर्बी 1780 पासून होते. तीन वर्षांच्या घोड्यांची ही शर्यत दीड मैलाची. पहिल्या भागात घोडे सुमारे चाळीस मीटर चढतात, मग टॅटनहॅम कॉर्नरकडे उतरत वळतात, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन आतल्या रेलिंगकडे कललेली असते. दमलेला घोडा तोल सांभाळू शकला नाही तर आत घसरतो. या शर्यतीत धावणाऱ्या बहुतेक घोड्यांनी त्याआधी दीड मैल कधीच धावलेला नसतो. म्हणजे जाणकाराला न घडलेल्या गोष्टीचा अंदाज करायचा असतो.

इथे आनुवंशिकी मदतीला येते. 2010 मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातील एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकातला एक फरक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्याच्या पल्ल्याशी जोडलेला आहे. या जागी सी-सी अशी जोडी (सी आणि टी ही डीएनएची अक्षरं) असलेले घोडे सरासरी सहा फर्लांगांच्या आसपास उत्तम धावतात, सी-टी असलेले नऊच्या आसपास, टी-टी असलेले साडेदहाच्या. दोन वर्षांनी आलेल्या अभ्यासाने या वेगवान सी प्रकाराचा माग तीनशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटनमधल्या एका घोडीपर्यंत नेला. घोड्याचा जनुकीय अहवाल प्रेक्षकाच्या हाती नसतो. पण बाप, आई आणि आईचा बाप कोण, हे शर्यतीच्या कार्डावर छापलेलं असतं. त्यावरून ढोबळ अंदाज बांधता येतो.

2024 चा सिटी ऑफ ट्रॉय घ्या. दोन वर्षांचा असताना तीनपैकी तीन शर्यती जिंकलेला, एडन ओ'ब्रायन यांच्या तबेल्यातला घोडा. मे महिन्यात न्यूमार्केटला मैलभराच्या टू थाउजंड गिनीजमध्ये तो गेटमध्ये बिथरला आणि अकरा घोड्यांत नववा आला. महिनाभराने डर्बी. आता त्याला किती टक्के द्यायचे? शेवटचा निकाल ताजा आणि वाईट. त्याआधीचे तीन उत्कृष्ट. आईचा बाप गॅलिलिओ, जो स्वतः 2001 ची डर्बी जिंकला आणि ज्याच्या पाच मुलांनी ती जिंकली. शिवाय आदल्याच वर्षी त्याच तबेल्याचा ऑग्युस्त रोदँ गिनीजमध्ये बारावा येऊन डर्बी जिंकला होता. एका वाईट निकालाला कारण सापडत असेल, तर त्याने आधीची सगळी माहिती पुसली जात नाही, फक्त थोडी सौम्य होते. नव्या पुराव्याने जुना अंदाज बदलायचा, पण पुराव्याच्या वजनाइतकाच. संभाव्यताशास्त्रातल्या बेझच्या सूत्राचा हाच गाभा आहे. सिटी ऑफ ट्रॉय पावणेतीन लांबींनी जिंकला. तो हरला असता तरी हा हिशेब चुकीचा ठरला नसता, हे मी मुद्दाम सांगतो.

डर्बीत सगळे नर घोडे सारखं वजन घेऊन धावतात. पण ब्रिटनमधल्या रोजच्या शर्यतींपैकी फार मोठा वाटा हँडिकॅपचा आहे आणि खरी कसोटी तिथे लागते. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे, कारण आपल्याकडची पद्धत तिकडूनच आली. अधिकृत हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो, आणि रेटिंगमधला एक गुण म्हणजे पाठीवरचा एक पौंड. 85 रेटिंगचा घोडा 75 च्या घोड्यापेक्षा दहा पौंड जास्त वाहतो. मैलभराच्या शर्यतीत साधारण दोन पौंड म्हणजे एक लांबी असा हिशेब धरतात. छोट्या शर्यतीत एका लांबीला जास्त पौंड, लांब शर्यतीत कमी. पूर्ण वेगात घोडे सेकंदाला पाच-सहा लांबी कापतात. म्हणजे हँडिकॅपर खरं तर सेकंदाचे अंश पौंडांत तोलत असतो.

त्याचं ध्येय काय, तर सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर यावेत. म्हणून हँडिकॅपमध्ये 'सर्वांत चांगला घोडा कोणता' हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याचा चांगुलपणा शिशाच्या पट्ट्यांनी आधीच वसूल केलेला असतो. तिथे विचारायचं असतं ते हे, की कोणत्या घोड्याबद्दल हँडिकॅपरला अजून पुरतं कळलेलं नाही? नवी रेटिंग दर मंगळवारी निघतात आणि ती झालेल्या धावांवरूनच ठरतात. समजा तीन वर्षांचा एखादा घोडा आतापर्यंत सात-आठ फर्लांगच धावलाय, वंशावळ लांब पल्ल्याची आहे आणि आज तो पहिल्यांदा बारा फर्लांग धावतोय. त्याचं रेटिंग त्याला न मानवणाऱ्या पल्ल्यावर ठरलेलं आहे. अशा ठिकाणी जाणकाराची नजर थांबते. शिकाऊ जॉकी असेल तर त्याच्या आजवरच्या विजयांनुसार सात, पाच किंवा तीन पौंडांची सूट मिळते, तीही हिशेबात धरावी लागते.

वयाचंही वजन असतं. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅडमिरल हेन्री राऊस यांनी वयानुसार वजनाचा तक्ता घालून दिला. जुलैअखेर अस्कॉटच्या दीड मैलाच्या मोठ्या शर्यतीत तीन वर्षांच्या घोड्याला थोरल्यांपेक्षा दहा-बारा पौंड कमी मिळतात, आणि शरद ऋतूपर्यंत तो वाढत जातो तशी ही सवलत आटत जाते. आकडे पुढे सुधारले गेले, पण मूळ चौकट टिकली. निव्वळ निरीक्षणातून इतकं नेमकं काम उभं राहिलं, याचं मला कौतुक वाटतं.

मग वेगाची वाटणी. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी घोड्यांवर बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये दाखवलं, की दुसऱ्या घोड्याच्या आडोशाला धावल्याने हवेचा विरोध मोठ्या प्रमाणात घटतो आणि अंतिम क्रमांकात तो फरक उतरतो. त्यामुळे कोण पुढे धावणार हे आधी ठरवावं लागतं. पुढे राहणारा एकच घोडा असेल तर तो संथ गतीने नेतो, दम राखतो आणि मागच्यांना पकडायला वेळ उरत नाही. असे चार असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं.

एवढं करून तुमची टक्केवारी तयार झाली. आता ती बाजाराशी ताडून पाहायची. 4/1 भाव म्हणजे एका रुपयाच्या पैजेवर चार रुपये नफा; शक्यतेत सांगायचं तर पाचात एक, 20 टक्के. पाच घोड्यांच्या शर्यतीत भाव 6/4, 3/1, 4/1, 7/1 आणि 9/1 असतील, तर शक्यता होतात 40, 25, 20, 12.5 आणि 10. बेरीज 107.5. शंभरावरचे साडेसात हा बुकीचा वाटा. डोळे मिटून पैज लावणारा दीर्घकाळात तोट्यात जातो, तो याच साडेसातामुळे. तुमच्या मते 4/1 च्या घोड्याची खरी शक्यता 25 टक्के असेल, तर एकेक रुपयाच्या अशा शंभर पैजांत 25 वेळा चार-चार रुपये मिळून शंभर येतात आणि 75 वेळा एकेक जातो. शक्यता 15 टक्केच असेल, तर साठ येतात आणि पंच्याऐंशी जातात. घोडा तोच, भावही तोच. फरक फक्त अंदाजाच्या खरेपणाचा.

आणि बाजाराचा अंदाज हलक्यात घेण्यासारखा मुळीच नाही. फ्रान्सिस गॅल्टन यांनी 1907 मध्ये प्लिमथच्या जत्रेतल्या 787 चिठ्ठ्या तपासल्या होत्या. लोकांनी एका बैलाच्या मांसाचं वजन ओळखायचं होतं. चिठ्ठ्यांतला मधला आकडा निघाला 1,207 पौंड, खरं वजन होतं 1,198. रेसकोर्सवरही हजारोंचे अंदाज मिसळून भाव ठरतो आणि तो बराच अचूक असतो. ब्रिटनमध्ये साधारण तीनातली एक शर्यत फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, जिंकतो. या गर्दीची एक खोड मात्र अभ्यासकांनी 1949 पासून नोंदवली आहे : मोठ्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त पैसे लावतात. त्यामुळे 50/1 च्या घोड्यांवर सरसकट पैसे लावणाऱ्याचा तोटा फेव्हरिटवर लावणाऱ्यापेक्षा बराच जास्त होतो.

तरी तसे घोडे जिंकतात. रॉयल अस्कॉटला 2020 मध्ये नँडो पराडो आणि 2023 मध्ये व्हॅलियंट फोर्स, दोघेही 150/1 भावाने आले. दोन्ही शर्यती दोन वर्षांच्या घोड्यांच्या होत्या, हा मला योगायोग वाटत नाही. त्या वयाच्या घोड्याच्या पाठीशी एक-दोन धावांचीच नोंद असते आणि वाढ इतकी झपाट्याची असते की महिन्यापूर्वीचा निकाल जुना होतो. माहिती जितकी तोकडी, तितकी आपली टक्केवारी जास्त घोड्यांत पसरायला हवी. जो जाणकार अशा शर्यतीतही एकाला सत्तर टक्के देतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

जाणकाराला पारखायचंही एक माप आहे, आणि ते हवामानशास्त्रातून आलं. 1950 मध्ये ग्लेन ब्रायर यांनी पावसाच्या अंदाजांसाठी ते सुचवलं. एखाद्या घोड्याला तुम्ही 30 टक्के दिले आणि तो जिंकला, तर एकातून 0.3 वजा करून वर्ग करायचा : 0.49 दंड. हरला तर 0.3 चा वर्ग, 0.09. 'हा नक्कीच' म्हणजे शंभर टक्के, आणि तो हरला तर दंड पूर्ण एक. शर्यत सुटण्याआधी टक्केवारी लिहून ठेवायची, शेकडो शर्यतींचा सरासरी दंड काढायचा, आणि बाजारभावातून निघणाऱ्या टक्केवारीला त्याच मापाने मोजायचं. बाजारापेक्षा कमी दंड सातत्याने घेणारी माणसं फार थोडी असतात.