ऑटोक्रॉससाठी बदललेला एक्झॉस्ट: पात्रता, कागदपत्रे आणि आवाजाची तपासणी

ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे शंकूंनी आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजणाऱ्या स्पर्धेत, धावणाऱ्या स्पोर्ट्स कारचा कंपनीने दिलेला एक्झॉस्ट काढून बाजारातील दुसरा बसवायचा असेल, तर खरेदीपूर्वी तीन गोष्टींची लेखी माहिती हाती असली पाहिजे: गाडी कोणत्या वर्गात धावणार आहे, त्या वर्गात एक्झॉस्टचा कोणता भाग बदलता येतो आणि स्पर्धेच्या जागेवर आवाजाची मर्यादा किती आहे. अनेक जण आधी सायलेन्सर बसवतात आणि नियम तपासणीच्या रांगेत वाचतात. अशा वेळी गाडी वरच्या वर्गात ढकलली जाते किंवा फेऱ्याच नाकारल्या जातात, आणि दोन्हीपैकी काहीही झाले तरी खर्च वाया जातो.

पात्रता

चालकाची पात्रता सोपी आहे. वैध वाहन परवाना, आयोजक संस्थेचे सभासदत्व किंवा एक दिवसाचा प्रवेश, मान्य मानांकनाचे हेल्मेट आणि चालक अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमती एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. अडचण येते ती गाडीच्या पात्रतेत.

वर्गवारीचे नियम एक्झॉस्टकडे कसे पाहतात, हे अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजेच एससीसीए, या संस्थेच्या सोलो, म्हणजे ऑटोक्रॉसच्या, नियमांवरून चांगले कळते. तेथील ‘स्ट्रीट’ गटात शेवटच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागानंतरचा) भाग बदलण्याची मुभा आहे. कन्व्हर्टर आणि त्याच्या आधीची नळी यांना हात लावल्यास गाडी त्या गटात राहत नाही. इतर संस्थांचे तपशील वेगळे असले, तरी कन्व्हर्टरच्या अलीकडे आणि पलीकडे अशी रेघ बहुतेक ठिकाणी आखलेली आढळते. रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर काढणे हे वाहतूक आणि प्रदूषणविषयक कायद्यांत स्वतंत्रपणे गुन्हा ठरू शकते, म्हणून स्पर्धेच्या वर्गात परवानगी असली तरी तेवढ्यावर विसंबू नये.

आवाजाची मर्यादा कशी वाचावी

मर्यादेचा आकडा अंतराशिवाय अर्थहीन असतो. एससीसीएच्या राष्ट्रीय सोलो स्पर्धांची मर्यादा 50 फुटांवर, म्हणजे सुमारे 15 मीटरवर, 100 डीबीए (मानवी कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) अशी आहे. उभ्या गाडीच्या चाचणीत मात्र माइक एक्झॉस्टच्या तोंडापासून केवळ अर्ध्या मीटरवर असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, त्यामुळे या दोन अंतरांत हिशेबाने सुमारे 30 डेसिबलचा फरक पडतो. निर्मात्याच्या पत्रकात छापलेले ‘95 डेसिबल’ आयोजकांच्या मर्यादेशी ताडून पाहण्याआधी ते कोठून आणि किती आरपीएमवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर) मोजले, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. शिवाय स्थानिक जागामालकाची अट संस्थेच्या राष्ट्रीय मर्यादेपेक्षा कडक असू शकते, आणि ती असेल तर तीच लागू होते.

दुसरा मुद्दा आरपीएमचा. आयएसओ 5130 या मानकाच्या उभ्या चाचणीत, ज्या इंजिनाची कमाल शक्ती 5000 ते 7500 आरपीएमच्या दरम्यान मिळते, त्याचा आवाज 3750 आरपीएमवर मोजतात. ऑटोक्रॉसची फेरी मात्र बहुतांशी दुसऱ्या गिअरमध्ये, उंच आरपीएमवर आणि पूर्ण थ्रॉटलवर होते. त्यामुळे उभी चाचणी सहज पार करणारी गाडी धावताना मर्यादा ओलांडू शकते, आणि जेथे ध्वनिमापक मार्गाच्या कडेला ठेवलेला असतो तेथे उभ्या चाचणीचा अहवाल संरक्षण देत नाही.

निवड आणि आवाज कमी करणे

या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी, की चालकाला आत जो आवाज त्रास देतो तो आणि मापकावर जो आवाज नापास करतो तो, हे बहुधा वेगवेगळे असतात. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात 3000 आरपीएमला स्फोटांची वारंवारता 100 हर्ट्झ असते आणि केबिनमधली कंटाळवाणी घुमघुम याच पट्ट्यात येते. डीबीए मोजताना ‘ए’ भारांकनामुळे 100 हर्ट्झचा आवाज सुमारे 19 डेसिबलने कमी धरला जातो, तर 1000 हर्ट्झचा जसाच्या तसा मोजला जातो. याचा अर्थ असा, की घुमघुम थांबवण्यासाठी केलेला खर्च मापकावर जवळजवळ दिसणार नाही आणि मापकासाठी केलेला उपाय घुमघुम तशीच ठेवू शकेल. कोणती अडचण सोडवायची आहे, हे आधी ठरवावे.

मापकासाठी उपयोगी पडतो तो शोषक प्रकारचा, म्हणजे छिद्रे असलेल्या सरळ नळीभोवती तंतूंचे भरण असलेला सायलेन्सर. तो कर्कश, उंच स्वराचा भाग शोषतो आणि वायूच्या प्रवाहाला फारसा अडथळा करत नाही. मात्र त्याची परिणामकारकता लांबी आणि भरणाच्या जाडीवर अवलंबून असल्याने आखूड, बारीक डबा घेऊन वजन वाचवण्याचा मोह महागात पडतो. जागा मिळत असेल तर मागच्या सायलेन्सरखेरीज मध्ये आणखी एक लांबट शोषक डबा बसवणे, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. घुमघुमीसाठी नळीला जोडलेली, टोक बंद असलेली पाव-तरंग शाखा (ध्वनिलहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी लांब नळी) वापरतात. वायूतील ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटर धरल्यास 100 हर्ट्झसाठी तिची लांबी सव्वा मीटर येते. शाखेतील वायू त्याहून थंड असल्यास वेग घटतो आणि लांबी तेवढी कमी करावी लागते.

नळीचा व्यास गरजेपेक्षा मोठा घेऊ नये, कारण मोठ्या नळीने आवाज वाढतो आणि लहान इंजिनाला शक्तीचा लाभही होत नाही. तोंडात बसवायचा अडथळ्याचा तुकडा, ज्याला डीबी किलर म्हणतात, तो आवाज घटवतो पण प्रवाह अडवतो. वापरायचाच असेल तर बोल्टने पक्का असावा आणि सुटून पडण्याजोगा नसावा, कारण तपासनीस तेच पाहतात. शेवटचे तोंड जमिनीकडे किंवा मापकाच्या विरुद्ध बाजूला वळवल्यानेही मोजणी काहीशी उतरते, परंतु वर्गाच्या नियमात बहिर्गमनाची जागा ठरलेली असल्यास ती बदलता येत नाही. फ्लँजमधील, म्हणजे नळ्यांच्या जोडांतील, बारीक गळती चांगल्या सायलेन्सरचे काम वाया घालवते, म्हणून नवीन गॅस्केट बसवूनच मोजणी करावी.

कागदपत्रे

प्रवेश अर्जात वर्ग घोषित करताना बदललेल्या भागांची नोंद स्वतःहून करावी. अर्जासोबत किंवा तपासणीच्या वेळी चालक परवाना, सभासदत्वाचा पुरावा, गाडीचे नोंदणीपत्र, भरलेला तपासणी तक्ता आणि एक्झॉस्टची पावती किंवा निर्मात्याचे पत्रक जवळ ठेवावे. ज्या देशांत संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 59 लागू आहे, तेथे बदली सायलेन्सरवर वर्तुळातील ‘ई’ हे मान्यताचिन्ह असते. त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे, कारण मैदानावर गाडीखाली वाकून चिन्ह शोधणे कोणालाच सोयीचे नसते. आवाजाची आधी मोजणी करून घेतली असेल, तर तिच्या अहवालात अंतर, कोन, आरपीएम आणि तारीख असावी. मोबाइलवरील ॲप बदलापूर्वीचा आणि नंतरचा फरक पाहण्यास ठीक आहे, परंतु त्याचा आकडा पुरावा म्हणून देऊ नये.

तपासणीच्या दिवशी

तपासनीस प्रथम एक्झॉस्ट घट्ट बसला आहे का, हँगर (एक्झॉस्ट टांगून धरणारे आधार) शाबूत आहेत का आणि काही लोंबत तर नाही ना, हे पाहतात. उभी चाचणी असल्यास इंजिन पूर्ण तापलेले आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. माइक बहिर्गमनाच्या अक्षाशी 45 अंशांत, तोंडाच्या उंचीवर आणि जमिनीपासून किमान 20 सेंटिमीटर वर धरला जातो, आणि तीन मीटरच्या आत भिंत किंवा दुसरी गाडी नसावी, कारण परावर्तनाने आकडा वाढतो. एवढी मोकळी जागा नसल्यास जागा बदलण्याची विनंती शांतपणे आणि मोजणीपूर्वीच करावी.

मर्यादेपेक्षा किमान 3 डेसिबल कमी आवाज हे ध्येय ठेवावे. तंतूंचे भरण उष्णतेने जळून आणि झिजून कमी होत जाते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला काठावर उत्तीर्ण झालेली गाडी शेवटी नापास होऊ शकते. भरण बदलता येईल असा, बोल्टने उघडणारा डबा घेतल्यास ही अडचण घरच्या गॅरेजमध्ये सुटते. भरण किंवा सायलेन्सर बदलल्यानंतर पुन्हा मोजणी करून नवीन अहवाल जुन्यासोबत जोडावा आणि वर्ग बदलत असल्यास पुढील प्रवेश अर्जात तशी दुरुस्ती करावी.