चलनवाढ, पैशाचा पुरवठा आणि तेजी-मंदी : नागपूरच्या संदर्भात

अर्थव्यवस्थेतील वस्तू व सेवांच्या किमतींची एकूण पातळी दीर्घकाळ चढत राहणे म्हणजे चलनवाढ. एखादीच वस्तू महागली किंवा भाव एकदाच चढून तिथेच थांबले, तर अर्थशास्त्र त्याला चलनवाढ म्हणत नाही. नागपुरात कळमन्याच्या बाजारात टोमॅटोची आवक घटली की आठवड्याभरात चिल्लर भाव दुप्पट होतो आणि नवा माल आला की महिन्या-दीड महिन्यात खालीही येतो. ही टंचाई झाली. घरभाडे, ऑटोचे भाडे, शिकवणीची फी, कटिंगचे दर आणि हॉटेलातली तर्री-पोह्याची प्लेट हे सगळे एकाच काळात वर सरकले आणि पुन्हा उतरलेच नाहीत, तर रुपयाची खरेदीशक्ती घटली असे समजावे. पुस्तकात हा फरक स्वच्छ दिसतो, पण बाजारात टंचाई आणि चलनवाढ एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या कशा ओळखायच्या हाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

मोजमाप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, भ्रष्टाचाराच्या जोडीने महागाईलाही जागा असते. बडग्या जनभावना दाखवतो, पण टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी निर्देशांक लागतो.

निर्देशांकाचे काम किचकट असले तरी त्यामागचा विचार साधा आहे. सामान्य कुटुंब काय काय विकत घेते याची यादी करायची, खर्चातल्या वाट्यानुसार प्रत्येक वस्तूला भार द्यायचा आणि तीच यादी दर महिन्याला किती रुपयांत पडते ते पाहायचे. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 2012 पायावर्षाच्या (ज्या वर्षाच्या भावांशी तुलना करतात ते वर्ष) मालिकेत अन्न व पेयांचा भार 45.86 टक्के होता. म्हणून भाजी-डाळीने उसळी घेतली की अख्खा निर्देशांक हलत असे. औद्योगिक कामगारांसाठी वेगळा निर्देशांक असतो. 2016 पायावर्षाच्या या मालिकेसाठी श्रम ब्यूरो देशातल्या 88 केंद्रांतून भाव गोळा करतो, आणि नागपूर हे त्यातले एक केंद्र आहे. भाव टिपणाऱ्याला तोच बाजार, त्याच प्रतीचा माल आणि तेच वजन धरून चालावे लागते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांनाच मिळतो, पण आत बिस्किटे कमी झालेली असतात. वजन धरले नाही तर ही भाववाढ नोंदवहीतून निसटते.

सरकारी नोकरांचा महागाई भत्ता कामगारांच्या याच निर्देशांकावर ठरतो. सचिवालयीन कार्यालये, रेल्वे, आयुधनिर्माणी, कोळसा कंपनी आणि विद्यापीठ अशा पगारदारांच्या शहरात हा आकडा चहाच्या टपरीवरही चर्चिला जातो. खासगी दुकानातल्या नोकराला किंवा कळमन्यातल्या हमालाला असा भत्ता नसतो. त्याची मजुरी वाढते, पण भाव वाढून गेल्यावर, आणि तीही भांडून.

पैसा म्हणजे काय आणि तो येतो कुठून

पैशाचा पुरवठा म्हणजे लोकांच्या हातातली रोकड अधिक बँकांतल्या ठेवी. रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत रोकड आणि चालू-बचत खात्यांतील मागणी ठेवी मिळून ‘एम-1’ होतो, आणि त्यात मुदत ठेवी मिळवल्या की ‘एम-3’. चलनपुरवठा वाढला की घटला हे सांगताना सहसा एम-3 पाहतात.

नागपूरकरांचा या विषयाशी थेट, भिंतीपलीकडचा संबंध आहे. संविधान चौकात, म्हणजे जुन्या लोकांच्या रिझर्व्ह बँक चौकात, बँकेची इमारत उभी आहे. बँकेचे देशातले सोने ज्या तिजोऱ्यांत असते त्या मुंबईत आणि नागपुरात आहेत. ‘जितके सोने तितक्या नोटा’ हा समज त्यामुळे इथे विशेष घट्ट आहे, पण तो चुकीचा आहे. 1957 पासून कायद्याने नोटांच्या पाठीशी किमान 200 कोटी रुपयांचे सोने व परकीय रोखे पुरतात, आणि त्यात सोने 115 कोटींचे असले की झाले. बाकीचा आधार रोख्यांचा असतो, आणि आज त्यात परकीय रोखेच मुख्य आहेत. नोटांचे प्रमाण तिजोरीतल्या सोन्यावर ठरत नाही. ते अर्थव्यवस्थेची गरज आणि बँकेचे धोरण यांवर ठरते.

शिवाय पैशाचा मोठा भाग छापलाच जात नाही. व्यापारी बँका कर्ज देताना तो तयार करतात आणि याला पतनिर्मिती म्हणतात. पाठ्यपुस्तकातले उदाहरण असे : इतवारीतल्या किराणा व्यापाऱ्याने एक लाख रुपये बँकेत भरले. रोख राखीव प्रमाण 10 टक्के धरले तर बँक 10,000 बाजूला ठेवते आणि 90,000 कर्जाऊ देते. कर्ज घेणारा त्यातून माल घेतो आणि विकणारा ते पैसे आपल्या बँकेत भरतो. ती बँक 81,000 देते. साखळी शेवटपर्यंत गेली तर एक लाखाच्या रोकडीवर दहा लाखांच्या ठेवी उभ्या राहतात. उदाहरण समजायला चांगले आहे, पण प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. बँक कर्ज मंजूर करते त्याच क्षणी कर्जदाराच्या खात्यात ठेव जमा होते आणि राखीव निधीची सोय मागाहून पाहिली जाते. चांगला कर्जदार मिळतो का आणि व्याजदर किती, हीच खरी मर्यादा. म्हणूनच रिझर्व्ह बँकेसारख्या मध्यवर्ती बँका आज नोटांच्या संख्येपेक्षा व्याजदरावर अधिक भिस्त ठेवतात.

पैसा आणि किमती यांचे नाते अर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1911 मध्ये एका समीकरणात बसवले : पैशाचा साठा गुणिले त्याचा भ्रमणवेग बरोबर किंमतपातळी गुणिले व्यवहारांचे आकारमान. एक रुपया वर्षातून किती हात फिरतो तो भ्रमणवेग. वेग आणि व्यवहार फारसे बदलले नाहीत तर पैसा वाढेल तितक्याच प्रमाणात किमती वाढतील, हा या सिद्धांताचा गाभा. दीर्घकाळासाठी तो बऱ्यापैकी खरा ठरतो. 1923 च्या जर्मनीत आणि 2008 च्या झिंबाब्वेत सरकारने तूट भागवायला नोटा छापत राहिल्याने काय झाले हे सर्वश्रुत आहे. घरचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले. ब्रिटनचा युद्धखर्च भागवण्यासाठी लंडनमध्ये साठणाऱ्या पौंड-शिलकीच्या (ब्रिटनने भारताला देणे असलेल्या रकमेच्या) जोरावर इथे रुपये काढले गेले, माल मात्र तितकाच राहिला आणि भाव भडकले. त्या काळातच, 1943 मध्ये, चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांची सनदी नोकरीची आधीची बरीच वर्षे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या प्रशासनात गेली होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती.

अल्पकाळात मात्र भ्रमणवेग स्थिर राहत नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने मूल्याने सुमारे 86 टक्के नोटा एका रात्रीत बाद झाल्या. लोकांकडची रोकड घटली आणि बँकांतल्या ठेवी फुगल्या. त्यामुळे एम-3 रोकडीइतका कोसळला नाही, पण खात्यातला पैसा फिरत नव्हता. रोखीवर चालणाऱ्या भाजीबाजारात माल पडून राहिला आणि भाव गडगडले. पैसा किती आहे याइतकेच तो फिरतो का हेही महत्त्वाचे, याचा इतका ढळढळीत धडा क्वचितच मिळतो.

टंचाई की चलनवाढ : तुरीचे उदाहरण

चलनवाढीची कारणे ढोबळमानाने दोन सांगतात. मागणी उत्पादनक्षमतेच्या पुढे गेली तर मागणीजन्य आणि कच्चा माल, इंधन वा अन्न महागल्याने खर्च वाढला तर खर्चजन्य. भारतात अन्नाचा वाटा मोठा असल्याने दुसऱ्या प्रकाराला पावसाळ्याची साथ लागते. तुरीचे पाहा. विदर्भात ही घराघरातली डाळ आणि नागपूर परिसरात डाळमिलांचा मोठा व्यवसाय. लागोपाठच्या कमी पावसानंतर 2015 च्या उत्तरार्धात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. तो भाव पाहून 2016 च्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली, पाऊसही झाला आणि विक्रमी पीक आले. 2017 च्या सुरुवातीला बाजारभाव क्विंटलमागे 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि बारदाना संपल्याने तूर उघड्यावर पडून राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये देशाचा ग्राहक चलनवाढ दर दीड टक्क्याच्या आसपास उतरला, आणि त्यात डाळींचा हात मोठा होता. या चढउताराचा पैशाच्या पुरवठ्याशी संबंध जवळपास नव्हता. व्याजदर वाढवून एक दाणाही जास्त पिकला नसता.

तरी मध्यवर्ती बँकेने अशा भाववाढीकडे काणाडोळा करावा असे होत नाही. डाळ महागली म्हणून कामगार वाढीव मजुरी मागतो, भत्ता वाढतो, खानावळवाला थाळीचा दर चढवतो आणि डाळ उतरली तरी थाळीचा दर उतरत नाही. ‘पुढच्या वर्षीही भाव वाढणारच’ ही अपेक्षा एकदा रुजली की तात्पुरती टंचाई कायमच्या चलनवाढीत मुरते. म्हणून अन्न आणि इंधन वगळून मोजलेल्या गाभा चलनवाढीकडे अभ्यासक बारकाईने पाहतात.

तोटा कुणाचा? एफडीवर 7 टक्के व्याज आणि भाववाढ 6 टक्के असेल तर ठेवीदाराला खरा लाभ जेमतेम एक टक्का, आणि कर भरल्यावर बहुधा तोही नाही. निश्चित व्याजदराने घेतलेले कर्ज फेडणाऱ्याला मात्र चलनवाढ मानवते, कारण तो हलक्या रुपयाने फेड करतो. सरकार हा देशातला सर्वांत मोठा कर्जदार आहे, हे इथे लक्षात ठेवलेले बरे.

तेजी-मंदी

उत्पादन आणि रोजगार सरळ रेषेत वाढत नाहीत. विस्तार, शिखर, घसरण आणि तळ अशा टप्प्यांतून ते जातात, आणि या फेऱ्याला व्यापारचक्र म्हणतात. नागपूर-वऱ्हाडाने हे चक्र कापसाच्या रूपाने फार लवकर पाहिले. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. बदल्यात चांदी ओतली गेली. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्याच काळातल्या. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईत सट्टेबाजांचे दिवाळे निघाले आणि बँक ऑफ बॉम्बे बुडाली. रेल्वे नागपूरला पोहोचली ती 1867 मध्ये, तेजी ओसरल्यावर. पण रेल्वे, जवळचा कापूस आणि कोळसा हे पाहून जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. एका मंदीने मागे ठेवलेल्या सोयींवर पुढचा उद्योग उभा राहतो तो असा.

हंगामी चढउतार याहून नेमाचे. दसऱ्यानंतर कापूस निघू लागला की माल उचलायला विदर्भात रोकड लागे, आणि मुंबईच्या नाणेबाजारात पैसा महाग होई, म्हणजे व्याज चढे. ऑक्टोबर ते एप्रिल गर्दीचा हंगाम आणि मे ते सप्टेंबर मंद हंगाम अशी विभागणी धरून रिझर्व्ह बँक कितीतरी वर्षे आपले पतधोरण जाहीर करत असे.

1929 च्या महामंदीनंतर ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी मांडले की एकूण मागणी खचली तर अर्थव्यवस्था आपोआप सावरेलच असे नाही आणि अशा वेळी सरकारने खर्च वाढवावा. 1958 मध्ये अर्थशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनच्या आकडेवारीवरून बेरोजगारी आणि वेतनवाढ यांचे उलटे नाते दाखवले. त्यावरून थोडी चलनवाढ सोसली की रोजगार वाढतो असा अर्थ अनेकांनी काढला, पण 1970 च्या दशकाने तो खोडला. 1972 चा महाराष्ट्रातला दुष्काळ आणि 1973 ची तेलकोंडी यांनी भारतात मंदावलेले उत्पादन आणि कडाडलेले भाव एकाच वेळी आणले. 1979-80 मध्ये दुष्काळ आणि दुसऱ्या तेलदरवाढीने पुन्हा तेच घडले. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटले. 2020 च्या टाळेबंदीत एप्रिल ते जून या तिमाहीत उत्पादन जवळपास एक चतुर्थांशाने आकसले, तरी ऑक्टोबरमध्ये चलनवाढ साडेसात टक्क्यांवर होती. पुरवठाच तुटल्यावर मंदी भाव उतरवेल याची खात्री नसते.

धोरण आणि त्याच्या मर्यादा

रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोर चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. तो तिथे संविधानकारांचा म्हणून असला, तरी बाबासाहेबांचा लंडनमधला डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. तो 1923 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 1925 मध्ये त्यांनी भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. तेव्हाच्या सुवर्ण विनिमय परिमाणात (रुपया सोन्यावर आधारलेल्या पौंडाशी बांधण्याच्या पद्धतीत) रुपये काढण्यावर खरा लगाम नाही, आणि परकीय विनिमय दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातली रुपयाची खरेदीशक्ती स्थिर ठेवणे महत्त्वाचे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

तेच उद्दिष्ट आकड्यासह कायद्यात यायला 2016 साल उजाडले. चलनवाढ 4 टक्के, दोन टक्के इकडे-तिकडे, आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ठरवायला सहा सदस्यांची समिती. 2022 मध्ये सलग तीन तिमाही चलनवाढ सहा टक्क्यांवर राहिल्याने बँकेला सरकारला लेखी कारणे द्यावी लागली. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.50 टक्क्यांवर गेला. बेसा किंवा मनीषनगरात फ्लॅट घेतलेल्याला हे असे कळले : वीस वर्षांच्या 30 लाखांच्या कर्जावर व्याज 7 वरून 9.5 टक्के झाले तर मासिक हप्ता सुमारे 23,260 वरून 27,960 रुपयांवर जातो. हे वरचे 4,700 रुपये एरवी सीताबर्डीत किंवा धरमपेठेत खर्च झाले असते. मागणी आटते ती या वाटेने, पण परिणाम दिसायला अनेक तिमाही लागतात. 2025 च्या फेब्रुवारीपासून बँकेने दर पुन्हा उतरवायला घेतले.

हा लगाम बँकेचे कर्ज असलेल्यापर्यंतच पोहोचतो. इतवारीत ठोक व्यापारी चिल्लर दुकानदाराला जो माल उधारीवर देतो त्याची मुदत ओळखीवर ठरते. भिशीचा भाव बोलीवर ठरतो. गावात सावकार दर महिन्याला शेकडा दोन-तीन घेतो, तो रेपो वाढल्याने वाढवत नाही आणि घटल्याने कमीही करत नाही.