कसब दिसायला किती सामने लागतात?

फँटसी स्पर्धेत, म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपला संघ बनवायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे या खेळात, कसब चालतं की नशीब, हा वाद एका प्रयोगाने निम्मा मिटतो: मुद्दाम हरून बघा. लॉटरीत ते जमत नाही; कुठलंही तिकीट घ्या, शक्यता तीच. फँटसीत मात्र बाकावर बसणारे खेळाडू निवडले की हार जवळजवळ ठरलेली. म्हणजे निवडीला अर्थ आहे. पण किती?

एमआयटीतील ॲनेट होसोई आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक देखणी युक्ती वापरली. हंगामाचे दोन भाग करायचे आणि पहिल्या भागात जिंकणारे दुसऱ्यातही जिंकतात का, ते पाहायचं. सगळा नशिबाचाच खेळ असता तर दोन्ही भागांचा एकमेकांशी काही संबंध नसता. तो होता.

हे हंगामभराचं झालं. एका संध्याकाळचं काय? समजा, दोघांच्या लढतीत तुमची जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे. (समोरचाही तीच आकडेवारी वाचून आला असेल, तर एवढं गाठणंही अवघडच.) १० लढतींनंतर तुमचे विजय पराभवांपेक्षा जास्त असण्याची शक्यता जेमतेम ५० टक्के. २३ टक्के बरोबरी. उरलेल्या २६ टक्क्यांत तुम्ही सरस असूनही मागे! १०० लढतींनंतर पुढे असण्याची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास जाते, १००० नंतर ९९ च्याही वर. कारण कसबाचा फायदा लढतींच्या संख्येइतक्या वेगाने साठतो, तर नशिबाचे हेलकावे फक्त तिच्या वर्गमुळाच्या वेगाने वाढतात.

थोड्या लढतींत मग दिसतं ते बहुतेक नशीबच. १०२४ जणांची नाणेफेकीची बाद पद्धतीची स्पर्धा भरवा. कुणीतरी एक जण सलग १० वेळा जिंकणारच. त्याला ‘तुमची पद्धत काय?’ असं विचारायला गर्दीही होईल.

यात आयोजकाचा वाटा अजून धरलेलाच नाही. दोघांनी १००-१०० रुपये भरले आणि २० कापून विजेत्याला १८० मिळाले, तर निव्वळ भरलेले पैसे परत यायलाच सुमारे ५५.६ टक्के लढती जिंकाव्या लागतात. आपला ५५ टक्केवाला दर लढतीमागे सरासरी १ गमावतो. हजार लढतींनंतर विजयांच्या हिशेबात तो जवळपास नक्की पुढे असेल, आणि खिशातून सरासरी १००० गेलेले असतील.