विदर्भातली डिंक आणि राळ देणारी झाडं

खोडातून जे काही चिकट बाहेर येतं त्याला गावात सरसकट डिंकच म्हणतात, पण पाण्यात विरघळतो नाहीतर फुगतो तो डिंक आणि पाण्याला दाद न देणारी, निखाऱ्यावर टाकली की धूर करणारी ती राळ. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या रानात दोन्ही भेटतात.

सालई या दोघांच्या मधली, तिच्या चिकात डिंक, राळ आणि तेल तिन्ही असतं. साल कागदासारखी सुटते, ती तासली की घट्टसर चीक येतो, तो बांबूच्या टोपलीत साधारण महिनाभर ठेवतात म्हणजे पातळ रस खाली गळून जातो अन् वर राहतो तो धुपाचा माल. आयुर्वेदात हीच शल्लकी, सांधेदुखीच्या गोळ्यांवर हे नाव हमखास दिसतं.

खाण्याचा डिंक म्हटलं की आधी धावडा, मग बाभूळ. बाळंतिणीच्या लाडवात खारीक-खोबऱ्यासोबत हाच जातो. तुपात थोडा थोडा टाकायचा, लाहीसारखा फुलला पाहिजे, घाईघाईत एकदम ओतला तर वरून फुललेला दिसतो पण आत कच्चा राहतो आणि लाडू खाताना दाताला चिकटतो.

कडई, म्हणजे कुलू, उन्हाळ्यात पानं झडली की पांढऱ्याफटक खोडामुळे लांबूनच ओळखू येते. हिचा डिंक पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो, म्हणून पोट साफ करायच्या औषधात आणि कवळी चिकटवायच्या पावडरीत वापरतात. जुना झाला की व्हिनेगरसारखा आंबूस वास मारतो.

पळसाचा लाल डिंक कमरकस म्हणून विकतात, बिवल्याचाही लालच, दोन्ही तुरट अन् जुलाबावर देतात. लाख मात्र यात धरू नये, ती पळस-कुसुमावर बसणारा किडा तयार करतो.

काढणी मुख्यतः उन्हाळ्यात. खाच उथळ असली तर जखम भरते, पण लोभापायी कुऱ्हाड खोलवर मारली की झाड वाळतं, कडईचे असे हाल बऱ्याच रानात झालेत. इथेफॉन हे रसायन खोडात टोचलं की डिंक कितीतरी पट येतो खरा, पण मात्रा जास्त झाली तर झाडाचं नुकसानच. भाव रंगावर ठरतो, पांढरा स्वच्छ खडा वरचा, साल-माती चिकटलेला काळपट माल खालचा, त्यामुळे घरी आणून आधी निवडत बसावं लागतं आणि हे काम बहुतेक बायांच्याच वाट्याला येतं.